जुन्या लग्नाच्या कॅसेट आणि हँडीकॅमच्या टेप घरी डिजिटल करता येतील का, की दुकानात द्याव्यात?

तुमच्याकडे आईवडिलांच्या लग्नाची नि तुमच्या मुंजीची अशा मोठ्या व्हीएचएस कॅसेट आहेत, वर हँडीकॅमच्या छोट्या मिनीडीव्ही टेप आहेत, आणि पेठेतला एक दुकानदार म्हणतोय की सगळ्याच्या डीव्हीडी करून देतो, बरोबर ना? मग आधी शेवटचंच सांगतो. डीव्हीडी करून घेऊ नका. तीन तासांची कॅसेट ४.७ जीबीच्या एका डिस्कमध्ये कोंबायची म्हणजे चित्र पार चुरगळतं, अक्षता पडताना नुसते चौकोन दिसतात, शिवाय घरी लिहिलेल्या डिस्क काही वर्षांत वाचायला नाटकं करतात आणि आताच्या लॅपटॉपला ड्राइव्हच नसतो. दुकानात द्यायचंच असेल तर पेन ड्राइव्ह किंवा हार्ड डिस्क सोबत न्या आणि म्हणा मला फाइल पाहिजे, डिस्क नको, आणि कोपऱ्यात तुमच्या दुकानाचं नाव नको. हे शेवटचं मुद्दाम सांगतोय. आमच्या सोसायटीतल्या एका काकूंच्या मुलीच्या बारशाच्या व्हिडिओवर अख्खा वेळ कुणाचा तरी मोबाइल नंबर आहे, तो आता कायमचा.

मी नव्वदच्या दशकात कॉलेज करता करता पुण्यातल्या लग्नांत व्हिडिओवाल्याचा लाईट धरायला जायचो, नंतर मिक्सिंगच्या टेबलावर बसायला लागलो, त्यामुळे या कॅसेट कशा बनल्या ते आतून बघितलंय. हल्ली ओळखीच्यांच्या कॅसेट हौसेने काढून देतो.

सुरुवात मिनीडीव्हीपासून करा. लोक उलटं करतात, लग्नाची कॅसेट जुनी म्हणून तिच्या मागे लागतात. पण मिनीडीव्ही मुळातच डिजिटल आहे, १९९५ पासूनचा फॉरमॅट, टेपवर आकडेच लिहिलेले असतात, ते जसेच्या तसे कॉम्प्युटरवर उतरवता येतात, दर्जा तसूभरही कमी होत नाही. तासाला साधारण १३ जीबी. अट एकच, चालू कॅमेरा आणि फायरवायर, म्हणजे कॅमेरा कॉम्प्युटरला जोडायची एक जुनी वायर नि तिचं भोक. कॅमेऱ्यावर छोटं डीव्हीचं भोक असतं, सोनीवर त्याला आयलिंक लिहिलेलं असतं, त्यातनं काढायचं. यूएसबीचं भोक पण असतं आणि ते बघून सगळे खूश होतात, पण बऱ्याच कॅमेऱ्यांत त्यातनं फक्त फोटो नाहीतर अगदी बारका, फाटका व्हिडिओ येतो, त्याच्या नादी लागू नका. पिवळ्या-पांढऱ्या पिनांनी काढणं तर अजून वाईट, डिजिटलचं अ‍ॅनालॉग करून परत डिजिटल. नव्या लॅपटॉपला फायरवायर नसतो, म्हणून डेस्कटॉपमध्ये कार्ड टाका (टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची चिप असलेलं घ्या, ते कटकट करत नाही) किंवा कुणाच्या तरी कपाटात पडलेला २००८ च्या आसपासचा लॅपटॉप उचला, त्यात बहुतेक असतोच. विनडीव्ही नावाचं चिमुकलं फुकट सॉफ्टवेअर आहे, तेवढं पुरतं. आणि यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे डीव्ही टेपवर प्रत्येक शॉटची तारीख-वेळ आत लिहिलेली असते, स्क्रीनवर दिसत नसली तरी, आणि विनडीव्ही त्यावरून शॉट सुटे करून फाइलला तारखेचं नाव देतं. कॅमेऱ्याचं घड्याळ तेव्हा बरोबर लावलेलं असेल तर महाबळेश्वर नक्की कुठल्या साली झालं हा घरातला वाद तिथल्या तिथे मिटतो.

टेप एलपी मोडमध्ये (एका टेपवर जास्त वेळ मावावा म्हणून हळू चालवून) भरली असेल तर शक्यतो ज्या कॅमेऱ्यात भरली त्यातच वाजवा, दुसऱ्यात अनेकदा चौकोन येतात. तुमच्याकडे हाय-एटच्या (मिनीडीव्हीच्या आधीच्या अ‍ॅनालॉग हँडीकॅमच्या) टेप नसाव्यात, पण निघाल्याच तर सोनीचे काही डिजिटल-एट कॅमेरे त्या वाजवून थेट फायरवायरवर देतात.

आता व्हीएचएस. इथे लोक पहिल्यांदा ऑनलाइन जाऊन स्वस्तातली यूएसबी कॅप्चर पट्टी (व्हीसीआरचं चित्र कॉम्प्युटरमध्ये घेणारं छोटं यंत्र) मागवतात आणि मग विचारतात व्हीसीआर कुठे मिळेल. उलटं आहे हो ते. चित्र कसं येणार हे ऐंशी टक्के व्हीसीआर ठरवतो. जगात नवे व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी, जपानची फुनाई, तिनेसुद्धा जुलै २०१६ मध्ये बंद केलं, म्हणजे तुम्हाला मिळेल तो जुनाच असणार. आधी घरात विचारा. मामा, आत्या, गल्फमध्ये राहून आलेले काका, कुणाच्या तरी माळ्यावर कापडात गुंडाळलेला असतोच, आणि एकाच घरात राहिलेला व्हीसीआर हा जुन्या बाजारात दहा हात फिरून आलेल्यापेक्षा कधीही बरा. पुण्यातल्या जुन्या बाजारात मिळतात, बुधवारी-रविवारी चक्कर मारा, पण सोबत एक टाकाऊ कॅसेट न्या आणि तिथेच वाजवून बघा, टेप बाहेर येताना चुरगळत नाही ना ते बघा, नुसता दिवा लागला म्हणून पैसे देऊ नका. नुसता व्हीसीपी, म्हणजे फक्त वाजवणारा, असेल तरी चालतंय, आपल्याला रेकॉर्ड कुठे करायचंय, उलट बरंच. वायरी आणि पिना तपकीर गल्लीत, पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, सगळ्या मिळतात.

घरी आणल्यावर व्हीसीआरचं हेड, म्हणजे टेप वाचणारा भाग, साफ करा. आतला चकचकीत ड्रम मिनिटाला १५०० फेरे मारतो आणि त्यावरची हेडं केसाएवढी असतात. कानातल्या काडीचा कापूस लावू नका, धागा अडकला की हेड गेलं. साधा कोरा झेरॉक्सचा कागद आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये ओला करायचा, ड्रमला हलकेच टेकवून एका जागी धरायचा आणि दुसऱ्या हाताने ड्रम आडवा फिरवायचा, कागद वर-खाली अजिबात करायचा नाही. कागदावर तपकिरी-काळी रेघ येते. येईनाशी होईपर्यंत करा. हे करताना प्लग काढलेला पाहिजे हे वेगळं सांगायला नको.

आता पुण्याचा प्रॉब्लेम, बुरशी. कॅसेटच्या खिडकीतनं टॉर्च मारून रिळाची कड बघा. कड काळी, गुळगुळीत दिसली पाहिजे. पांढरट भुकटी किंवा जाळं दिसलं तर ती कॅसेट व्हीसीआरमध्ये घालायची नाही म्हणजे नाही, कारण बुरशी हेडला लागते आणि पुढची चांगली कॅसेट पण खराब करते. चार महिने ओल धरणाऱ्या माळ्यावर पडलेल्या कॅसेटचं हे फार होतं. अशी कॅसेट झिपच्या पिशवीत वेगळी ठेवा आणि जो माणूस बुरशीच्या कॅसेट साफ करतो त्यालाच द्या, यात हौस नको. बाकीच्यांचं, मागच्या कडेला डावीकडे छोटा प्लास्टिकचा तुकडा असतो, तो आधी तोडून टाका म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं तरी मुंजीवर बातम्या भरल्या जाणार नाहीत. मग एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे करून घ्या, वर्षानुवर्षं एकाच ताणात पडलेली टेप जरा मोकळी होते. टेप तुटलीच तर सेलोटेप लावू नका, त्याचा गोंद हेडवर जातो. खालचे पाच स्क्रू काढून कवच उघडतं, पण तुटलेली असेल तर खरंच दुकानात द्या.

कॅप्चर पट्टी कुठलीही घ्या, फार स्वस्तातली नको एवढंच. सॉफ्टवेअरमध्ये आधी पाल ही व्हिडिओची पद्धत निवडा. भारतातल्या कॅसेट पाल, ६२५ रेषा, सेकंदाला २५ फ्रेम. बऱ्याच ठिकाणी मुळात एनटीएससी, म्हणजे अमेरिकेतली पद्धत, लागलेलं असतं आणि मग चित्र काळं-पांढरं येतं किंवा वर वर सरकत राहतं, आणि माणूस कॅसेट खराब झाली म्हणून सोडून देतो. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी पाठवलेली कॅसेट मात्र खरंच एनटीएससी असू शकते, त्याला ती वाजवणारा व्हीसीआर लागतो.

ओबीएस नावाच्या फुकट रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरने सोपं पडतं. कॅनव्हास ७६८ बाय ५७६, फ्रेमरेट ५०, सोर्सवर राइट क्लिक करून डीइंटरलेसिंगमध्ये याडिफ टू-एक्स. हे नाही केलं तर हात हलला की कडेला कंगव्यासारखे दाते दिसतात. हालचाल पुढे-मागे झटके देत असेल तर तिथेच फील्डचा (प्रत्येक फ्रेमच्या दोन अर्ध्या भागांचा) क्रम उलटा करून बघा. आणि चित्र ताणून १६:९ करू नका, आधीच तेव्हाचे नवरदेव... असो. खालच्या कडेला एक नाचणारी पट्टी दिसेल, तो बिघाड नाही, व्हीएचएसमध्ये असतेच ती, जुन्या टीव्हीच्या चौकटीत झाकली जायची म्हणून आपण कधी बघितली नाही. व्हीसीपी मोनो असेल तर आवाज एकाच कानात येईल, ओबीएसमध्ये आवाजाला मोनोचा टिक करा. बिटरेट ८ एमबीपीएस ठेवलात तर तासाला साडेतीन जीबीच्या आसपास फाइल होते, घरच्या वापराला भरपूर. कुणी ४के करून देतो म्हणालं तर नको म्हणा, व्हीएचएसमध्ये आडव्या दिशेने जेमतेम २४० रेषांचा तपशील असतो, त्यातनं एआयने आजीचा चेहरा गुळगुळीत केला की ती आजी राहत नाही.

मध्येच चित्र वाकतं, निळा स्क्रीन येतो किंवा अर्ध्या तासाने आवाज ओठांच्या पुढे पळतो, तर दोष बहुतेक टेपच्या डळमळीत सिग्नलचा असतो. व्हीसीआरच्या मेनूत निळा स्क्रीन बंद करायची सोय असेल तर करा, ट्रॅकिंग हाताने फिरवून बघा, आणि मधे जुना डीव्हीडी रेकॉर्डर लावा, म्हणजे व्हीसीआर त्याच्यात आणि त्यातनं कॅप्चर पट्टीत. पॅनासॉनिकचा ईएस-१० यासाठी जगभर लोक शोधतात, तो सिग्नल सरळ करून पुढे पाठवतो. ज्या मिनीडीव्ही कॅमेऱ्यात अ‍ॅनालॉग इन आहे तोही कामाला येतो, म्हणून टेप झाल्या की कॅमेरा लगेच विकू नका.

आता लग्नाच्या कॅसेटबद्दल एक, जे दुकानदार सांगणार नाही. तुमच्या घरात आहे ती बहुतेक मूळ टेप नाहीच. आम्ही पॅनासॉनिकचा एम-७ नाहीतर एम-३००० कॅमेरा खांद्यावर घेऊन शूट करायचो, ती मास्टर, म्हणजे मूळ टेप. मग ती मिक्सरवरून दुसऱ्या कॅसेटवर उतरवायची, सुरुवातीला गणपती, त्यावर पिवळ्या अक्षरांत चि. आणि चि. सौ. कां., मग बदामाच्या आकारात नवरा-नवरी, आणि अख्ख्या व्हिडिओवर सिनेमाची गाणी. ही मिक्स केलेली कॉपी घरी जायची आणि मास्टर पुसून पुढच्या मुहूर्ताला. त्यामुळे तुमचं चित्र थोडं मऊ, रंग जरा पसरलेले दिसले तर व्हीसीआरला शिव्या घालू नका, ते तिथूनच तसं आलंय. आणि मंगलाष्टकं कोणी म्हटली, मामा काय ओरडले, ते गाण्याखाली दबलंय, बाहेर काढता येत नाही. पण शेवटचा भाग नक्की तपासा. कधीकधी मिक्सिंगला कंटाळा यायचा, विशेषतः पंगतीचा नि पाठवणीचा भाग तसाच मूळ आवाजासकट उतरवला जायचा. तिथे माणसं बोलताना सापडतात. म्हणून कॅसेट संपली वाटली तरी लगेच थांबवू नका, निळा पडदा चालू झाल्यावरही पाच मिनिटं चालू द्या.

फाइल झाल्या की एक कॉपी हार्ड डिस्कवर, एक दुसऱ्या घरी, एक क्लाउडवर. कॅसेट टाकू नका, आडव्या ढीग न करता पुस्तकासारख्या उभ्या ठेवा, माळ्यावर नको, बेडरूमच्या कपाटात सिलिका जेल टाकून.

आणि सगळ्यांना दाखवायला म्हणून लग्नाचा व्हिडिओ यूट्यूबवर चढवाल तर त्या गाण्यांमुळे बहुतेक कॉपीराइटचा क्लेम येईल, कधी आवाज बंद होतो, कधी व्हिडिओच अडतो. ड्राइव्हची लिंक पाठवा. व्हॉट्सअ‍ॅपवरच हवं असेल तर व्हिडिओ म्हणून टाकू नका, तो दाबून पार वाट लावतो, डॉक्युमेंट म्हणून टाका, २ जीबीपर्यंतची फाइल जाते, त्याहून मोठी असेल तर मुंज वेगळी आणि पंगत वेगळी असे तुकडे करून टाका.