चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असताना गाडी चालवावी का, आणि दोष कसा शोधावा?

पेट्रोल गाडीत हा दिवा स्थिर न राहता लुकलुकू लागला, तर गाडी पुढे न दामटता सुरक्षित जागी थांबवून इंजिन बंद करावे. कारण मिसफायरमुळे, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटल्यामुळे, न जळलेले पेट्रोल एक्झॉस्टमधील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर स्वच्छ करणाऱ्या भागात) जाऊन पेटते आणि तो महागडा भाग आतून वितळू शकतो. गाडीला जोडून दोषाचा कोड वाचणाऱ्या स्कॅनरवर पी०३०२ हा कोड आला, तर मिसफायर दुसऱ्या सिलिंडरमध्ये आहे असे समजावे. इंजिन थंड झाल्यावर त्या सिलिंडरची इग्निशन कॉइल (स्पार्क प्लगला ठिणगीसाठी वीज पुरवणारा भाग) तिसऱ्या सिलिंडरच्या कॉइलशी अदलाबदल करून पाहावी. कोड बदलून पी०३०३ झाला, तर कॉइलच खराब आहे, अन्यथा स्पार्क प्लग आणि नंतर पेट्रोल फवारणारा इंजेक्टर तपासावा. (नुसता कोड पुसून देणे हा इलाज नव्हे.) ही चाचणी मात्र प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कॉइल असलेल्या इंजिनातच करता येते.