उपदिशा, चौकट आणि जड दांडी

रत्नागिरीच्या एका वाचकांचा प्रश्न आहे : "जुन्या आर्केड खेळांसाठी घरी कॅबिनेट बांधतोय. फोर-वे, एट-वे, डायगोनल, रिस्ट्रिक्टर गेट हे सगळं सुतारमामांना मराठीत कसं सांगू?"

खेळ चालवायच्या उभ्या दांडीला जॉयस्टिक म्हणतात, तो शब्द राहू द्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो वैमानिकांच्या तोंडी होता, आता आपल्याही तोंडी बसलाय. मालवणला आमच्या लहानपणीच्या गेमच्या दुकानात तर तिला सरळ 'दांडी' म्हणायचे. सुतारमामांनाही दांडीच सांगा.

डायगोनलसाठी मात्र आपल्याकडे शाळेपासून पाठ असलेला शब्द आहे : उपदिशा. इंग्रजीत नॉर्थ आणि ईस्ट जोडून नॉर्थ-ईस्ट होतं, आपल्या ईशान्येला स्वतःचं नाव आहे. आणि कोकणात पाऊसच नैर्ऋत्येकडून येतो, तेव्हा हे शब्द कुणाला समजवायला नकोत. 'स्ट्रीट फायटर टू'मधला (१९९१) हातातून सुटणारा गोळा आठवा. खेळाडूचं तोंड उजवीकडे असेल तर दांडी दक्षिण, आग्नेय, पूर्व अशी फिरवायची आणि ठोसा मारायचा. मधली आग्नेय चुकली की गोळा सुटत नाही. म्हणून त्याला आठ दिशांची, म्हणजे एट-वे दांडी.

'पॅक-मॅन' (१९८०) आणि 'डाँकी काँग' (१९८१) चार दिशांचे, म्हणजे फोर-वे. तिथे उपदिशा नडतात. वळणावर दांडी जराशी तिरकी गेली, की दांडीच्या बुडाशी असलेल्या स्विचांपैकी दोन एकदम दबतात आणि हवं ते वळण हुकतं.

हे आवरणारी पट्टी म्हणजे रिस्ट्रिक्टर गेट. तिचं 'फाटक' करू नका. फाटक उघडतं-मिटतं, ही जागची हलत नाही. हिला 'चौकट' म्हणा. दांडीच्या बुडाशी चौकोनी भोक असतं, दांडी त्याच्या कडांना टेकून थांबते. चौकट सरळ बसवली की भोकाचे कोपरे उपदिशांना येतात. तीच ४५ अंशांनी फिरवली की कोपरे चार मुख्य दिशांना येतात आणि दांडी तिरकी जायला जागाच उरत नाही. काही जॉयस्टिकमध्ये स्क्रू काढून चौकट अशी फिरवता येते, विकत घेताना तेवढं विचारा.

'टाइट' आणि 'लूज' हे दोनच शब्द घेऊन मात्र दुरुस्तीला जाऊ नका, त्यांनी घोटाळा होतो. स्प्रिंग कडक असेल तर दांडी 'जड' आहे, नरम असेल तर 'हलकी'. स्क्रू सुटले असतील तर ती 'ढिली', आणि मधोमध उभी असतानाही हलत असेल तर 'डुगडुगते'. खाऱ्या हवेने स्प्रिंगला गंज चढून ती परत मध्यावर येत नसेल, तर दांडी 'धरली' आहे. जड दांडीला दुसरी स्प्रिंग लागते, धरलेलीला आधी साफसफाई.