ओंटारियोतली पहिली गाडी: हप्त्यांवरची एसयूव्ही की रोखीची जुनी कोरोला?

आपल्या पत्रातले आकडे आधी एकत्र मांडतो, कारण पुढचा सगळा विचार त्यांच्यावरच उभा आहे. आपण पत्नी आणि चार वर्षांच्या मुलीसह पाच महिन्यांपूर्वी कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात, मिसिसॉगाला कायम रहिवासी म्हणून आलात. नोकरी लागून दोन महिने झाले, कर वजा जाता महिन्याला ४,३०० डॉलर हाती येतात, त्यांतले २,१५० घरभाड्यात जातात, आणि पुण्याहून आणलेल्या पैशांपैकी २१,००० डॉलर बँकेत शिल्लक आहेत. कामावर पोहोचायला दोन बस बदलून सव्वा तास लागतो, म्हणून गाडी हवी आहे. एका डीलरने तीन वर्षे वापरलेली एसयूव्ही २७,००० डॉलरला देऊ केली आहे. त्यासाठी ४,००० डॉलर आधी भरायचे आणि उरलेल्या रकमेवर १०.९९ टक्के दराने सात वर्षांचे कर्ज घ्यायचे, असा त्यांचा प्रस्ताव आहे. दुसरीकडे मंडळात ओळख झालेले एक गृहस्थ त्यांची २०१२ सालची, १,९०,००० किलोमीटर चाललेली कोरोला ८,५०० डॉलरला ‘आहे तशी’ विकायला तयार आहेत. आपला कल एसयूव्हीकडे आहे. त्याची कारणे आपण दोन दिली आहेत: जुनी गाडी म्हणजे दुखणे विकत घेणे, आणि कर्ज घेतल्याने क्रेडिट, म्हणजे वेळेवर कर्जफेडीचा इतिहास, तयार होईल.

माझे मत असे की आज यांपैकी कोणतीच गाडी घेऊ नये, आणि दोन-तीन महिन्यांनी घ्याल तेव्हा ती रोखीने घेतलेली जुनी गाडी असावी. ती हीच कोरोला असेल असे मात्र नाही.

आज का नाही, याचे उत्तर आपण पत्राच्या शेवटी सहज लिहिलेल्या एका वाक्यात आहे: ‘जी-वनची परीक्षा पास झालो आहे, रोड टेस्ट राहिली आहे.’ जी-वन म्हणजे इथला शिकाऊ परवाना. ओंटारियोत राहायला आल्यावर भारतातल्या परवान्यावर ६० दिवसच गाडी चालवता येते आणि ती मुदत आपल्या बाबतीत केव्हाच संपली. जी-वनवर चालवायचे तर शेजारच्या सीटवर किमान चार वर्षांचा अनुभव असलेला पूर्ण परवानाधारक बसलेला हवा, ४०० पासूनच्या क्रमांकांच्या जलद महामार्गांवर जाता येत नाही, आणि मध्यरात्रीपासून पहाटे पाचपर्यंत चालवता येत नाही. मुख्य चालक म्हणून जी-वनवाल्याचा विमा उतरवायला बहुतेक कंपन्या तयारही होत नाहीत. म्हणजे आज गाडी घेतली तर ती दारात उभी राहील आणि आपण बसनेच कामावर जाल.

भारतातला आपला नऊ वर्षांचा अनुभव इथे आपोआप मोजला जात नाही. अधिकृत पत्राशिवाय नुसत्या सांगण्यावर जास्तीत जास्त एक वर्ष धरले जाते, आणि तेवढ्यावर जी-टूची, म्हणजे मधल्या टप्प्याच्या परवान्याची, रोड टेस्ट लगेच देता येते. परवाना देणाऱ्या कार्यालयाचे किंवा वकिलातीचे पत्र जोडून दोन वर्षांहून अधिक अनुभव सिद्ध केला, तर जी-टू वगळून थेट पूर्ण जी परवान्याची टेस्ट देता येते. विम्याच्या दृष्टीने जी-टू आणि जी यांत बराच फरक पडू शकतो. हे पत्र मिळवायला महिना लागला तरी थांबावे, कारण गाडीच्या किमतीत घासाघीस करून जेवढे वाचेल त्याहून अधिक या एका कागदाने वाचण्याची शक्यता आहे. भारतातल्या विमा कंपनीकडून कधीही दावा केला नसल्याचे पत्रही मागवून ठेवावे. काही कंपन्या ते मानतात, काही मानत नाहीत. ब्रोकरला विचारायला पैसे पडत नाहीत.

आता एसयूव्हीच्या हिशेबाकडे वळतो. २७,००० वर १३ टक्के एचएसटी, म्हणजे इथला विक्रीकर, लागून किंमत ३०,५१० होते. ४,००० आधी भरले की २६,५१० डॉलरचे कर्ज उरते. डीलरने आपल्याला हप्ता ‘दर पंधरवड्याला २०९ डॉलर’ असा सांगितला आणि आपण तो दुप्पट करून महिन्याला ४१८ धरला. वर्षात पंधरवडे चोवीस नसून सव्वीस असतात, त्यामुळे महिन्याचा खरा भार सुमारे ४५४ डॉलर आहे. महिन्याऐवजी पंधरवड्याचा आकडा पुढे करण्याची इथली रीतच आहे, तो लहान दिसतो म्हणून. सात वर्षांत आपण सुमारे ३८,१०० डॉलर फेडाल, म्हणजे ११,६०० डॉलर निव्वळ व्याज. तेवढ्यात समोरची कोरोला करासकट येऊन वर पैसे उरतात.

त्याखेरीज, कर्जाची गाडी असली की कर्ज देणारा तिच्या पूर्ण विम्याची अट घालतो. अपघातात आपल्याच गाडीचे झालेले नुकसान आणि चोरी, दोन्हींचा विमा उतरवणे भाग पडते. आपल्याला या गाडीसाठी महिना ४०० डॉलरचा अंदाज मिळाला आहे आणि मला तो अवास्तव वाटत नाही. नवा परवाना, टोरांटोभोवतीचा पत्ता, आणि वर चोरांच्या नजरेत भरणारी एसयूव्ही, या तिन्ही गोष्टी विमा महाग करणाऱ्याच आहेत. हप्ता ४५४, विमा ४०० आणि पेट्रोलचे १७० धरले तर महिन्याला १,०२४ डॉलर होतात, आणि यात टायर, सर्व्हिसिंग, पार्किंग काहीच आलेले नाही. भाडे देऊन आपल्या हाती उरतात २,१५०. उरलेल्या अकराशेंत तिघांचे जेवणखाण, फोन, औषधपाणी आणि मुलीचा खर्च भागवताना दर महिन्याला बचतीतून काढावे लागेल.

क्रेडिटचे कारण तर माझ्या मते बाजूलाच ठेवावे. लहान मर्यादेचे एक क्रेडिट कार्ड घेऊन त्यावर किराणा भरला आणि दर महिन्याचे बिल मुदतीत पूर्ण फेडले, तर इक्विफॅक्स आणि ट्रान्सयुनियन या क्रेडिटची नोंद ठेवणाऱ्या संस्थांकडे आपला इतिहास बिनव्याजाने तयार होतो. त्यासाठी ११,६०० डॉलर मोजायचे काहीच कारण नाही. शिवाय ओंटारियोत वाहन विम्याचा दर ठरवताना कंपन्यांना क्रेडिट स्कोअर वापरता येत नाही, म्हणून त्या बाजूनेही लाभ नाही.

याहून गंभीर मुद्दा नोकरीचा आहे. प्रांताच्या कायद्यानुसार सलग तीन महिने पूर्ण होण्याआधी मालकाने कामावरून काढले तर नोटीस किंवा तिच्या बदल्यातला पगार मिळण्याचा हक्क नसतो. बेरोजगारी विम्यासाठी, आपण राहतो त्या भागातल्या बेकारीच्या प्रमाणानुसार, ४२० ते ७०० तासांचे काम झालेले असावे लागते, आणि दोन महिन्यांत आपले साडेतीनशेच्या आसपास तास भरले असतील. म्हणजे आज नोकरी गेली तर आधार फक्त त्या २१,००० चा. यांतले ११,००० मी गाडीच्या हिशेबातून पूर्ण वगळतो. भाडे धरून आपला खर्च ३,६०० च्या आसपास असावा, तेव्हा ही तीन महिन्यांची शिदोरी झाली. उरले १०,०००, आणि गाडी, कर, कागदपत्रे, तपासणी, हिवाळी टायर हे सगळे त्यांतच बसले पाहिजे.

कोरोला या दहा हजारांत जेमतेम बसते की बाहेर जाते, ते पाहू. खासगी विक्रीतही १३ टक्के कर भरावा लागतो, आणि तो विक्रीची किंमत किंवा सरकारी यादीतील घाऊक मूल्य यांपैकी जे अधिक असेल त्यावर आकारतात. त्यामुळे ‘कागदावर तीन हजार दाखवू’ असे कोणी सुचवले तर त्यात कर वाचत नाही, खोटेपणा तेवढा पदरी पडतो. ८,५०० वर १,१०५ कर आणि नाव बदलून नवी नंबरप्लेट घेण्याचे ५९ डॉलर मिळवले की आकडा ९,६६४ वर जातो. तपासणीचे दीडशे धरले की हिवाळी टायरांना पैसे उरत नाहीत. हे टायर ओंटारियोत सक्तीचे नाहीत, पण ते लावल्यास विमा कंपनीला सवलत द्यावी लागते, आणि ज्याने पहिला हिमवर्षाव अजून पाहिलेला नाही त्याने ते वगळू नयेत.

खरी अडचण ‘आहे तशी’ या दोन शब्दांत आहे. सेफ्टी स्टँडर्ड्‌स सर्टिफिकेट असल्याशिवाय गाडीला रस्त्यावर चालवण्यासाठी प्लेट मिळत नाही. ते ३६ दिवस ग्राह्य असते. आहे तशी घेतली तर ब्रेक, टायर, सस्पेन्शन यांत जे काही निघेल ते ठीक करून सर्टिफिकेट मिळवण्याचा खर्च आपल्यावर येतो, आणि तो किती, हे लिफ्टवर गाडी चढल्याखेरीज कळत नाही. म्हणून त्या गृहस्थांना सांगावे की सर्टिफिकेट तुम्ही काढून द्या, नाहीतर माझ्या मेकॅनिकच्या अहवालाप्रमाणे किंमत कमी करा. सर्टिफिकेट म्हणजेही हमी नव्हे. त्या दिवशी गाडी किमान सुरक्षिततेत बसत होती, एवढाच त्याचा अर्थ.

ओळखीच्या माणसाकडे तपासणी मागायची कशी, असा संकोच आपल्या पत्रात जाणवतो. परदेशात चार मराठी माणसे भेटतात, गणपतीत एका पंगतीला बसतो, आणि मग व्यवहाराचे बोलणे जड जाते, हे मला समजते. पण भीड ही भिकेची बहीण, असे आपल्याकडे उगीच म्हणत नाहीत. ज्याच्या गाडीत दोष नाही त्याला तपासणीचे वावडे नसते, आणि दोष असेल तर त्याला स्वतःलाही तो ठाऊक नसेल. अहवाल हाती असला की पुढे संबंध बिघडण्याची शक्यता उलट कमी होते.

इथे १३-१४ वर्षांच्या गाडीला १,९०,००० किलोमीटर जास्त नाहीत आणि या इंजिनाची मला फारशी काळजी वाटत नाही. काळजी गंजाची आहे. हिवाळ्यात रस्त्यांवर टाकलेल्या मिठाने गाडी खालून खाल्ली जाते. वरून चकचकीत दिसणाऱ्या गाडीच्या ब्रेकच्या नळ्या आणि सांगाडा सडलेला असू शकतो, म्हणून विकणाऱ्याशी ज्याचा संबंध नाही अशा मेकॅनिककडून ती उचलून खालून पाहून घ्यावी. खासगी विक्रेत्याने युझ्ड व्हेइकल इन्फर्मेशन पॅकेज, म्हणजे वापरलेल्या गाडीच्या माहितीचा सरकारी संच, देणे कायद्याने बंधनकारक आहे. ते २० डॉलरला मिळते आणि त्यात ओंटारियोतले आधीचे मालक, गाडीवर नोंदलेला बोजा, घाऊक मूल्य आणि गाडी ‘साल्व्हेज’ (मोठ्या नुकसानीने बाद) किंवा ‘रिबिल्ट’ (त्यानंतर पुन्हा दुरुस्त केलेली) ठरली आहे का, हे सगळे असते. बोजा असलेली गाडी घेतली तर आधीच्या मालकाचा सावकार ती आपल्या दारातून नेऊ शकतो, म्हणून तो कागद पाहिल्याशिवाय इसारही देऊ नये. दुसऱ्या प्रांतातले किंवा अमेरिकेतले अपघात त्यात दिसत नाहीत, त्यासाठी गाड्यांचा इतिहास पुरवणाऱ्या कारफॅक्स कंपनीचा अहवाल वेगळा घ्यावा.

ही कोरोला जमली नाही आणि जाहिराती पाहू लागलात, तर विकणाऱ्याचे नाव परमिटवरच्या, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावरच्या, नावाशी जुळते का, हे पहिल्यांदा पाहावे. ‘गाडी मामांची आहे, ते गावाला गेलेत’ असे सांगून मॉलच्या पार्किंगमध्ये भेटणारा बहुधा परवाना नसलेला दलाल असतो. नोंदणीकृत डीलरकडे गेलात तर ऑम्विक या डीलरांवर देखरेख करणाऱ्या संस्थेच्या नियमाने जाहिरातीतल्या किमतीत एचएसटी आणि परवाना शुल्क सोडून सगळे आकार आलेले असले पाहिजेत. मात्र सही केल्यावर मन बदलले म्हणून करार रद्द करण्याची मुदत ओंटारियोत मिळत नाही.

विम्याबद्दल आणखी थोडे. कायद्याने किमान २,००,००० डॉलरचे दायित्व, म्हणजे आपल्यामुळे दुसऱ्याच्या झालेल्या नुकसानीचा विमा, पुरते, पण एखादा माणूस जखमी झाला तर ते अपुरे पडेल, म्हणून दहा लाखांच्या खाली जाऊ नये. सात-आठ हजारांच्या गाडीवर स्वतःच्या नुकसानीचा म्हणजे कोलिजनचा भाग मात्र वगळता येतो, आणि जुनी गाडी घेण्यातला खरा फायदा तिथेच आहे. कोरोलासाठी ब्रोकरने आपल्याला २६५ चा अंदाज दिला होता. पेट्रोलचे १५० आणि दुरुस्तीसाठी दरमहा बाजूला टाकायचे १०० मिळवले तर ५१५ होतात, एसयूव्हीच्या निम्मे. स्वस्त विम्यासाठी लहान गावातल्या नातेवाइकाचा पत्ता देण्याचा सल्ला कोणी देईल, तो ऐकू नये. दाव्याच्या वेळी ते उघड झाले तर कंपनी हात वर करते.

आपण किमती अजून रुपयांत करून पाहता, हे पत्रावरून दिसते. पाच लाखांवर रुपये देऊन तेरा वर्षांची गाडी, असे म्हटले की जीव कासावीस होणारच. पण पगार डॉलरमध्ये येतो आणि हप्ताही डॉलरमध्येच जाईल, तेव्हा तुलना आपल्या ४,३०० शी करावी.

तेव्हा या आठवड्यात अनुभवाच्या पत्रासाठी अर्ज करावा आणि रोड टेस्टची तारीख घ्यावी. डीलरला नकार कळवावा. ४,००० ची अनामत मागत असतील तर देऊ नये. कोरोलाच्या मालकांना आपला परवाना होईपर्यंत थांबता येईल का, ते विचारावे. थांबत असतील तर तपासणीनंतर सर्टिफिकेटसह ७,५०० पर्यंत जावे. त्यात कर, प्लेट आणि तपासणी धरून ८,७०० च्या आत काम होते आणि टायरांना तेराशे उरतात. मेकॅनिकने सांगाड्याला गंज असल्याचे सांगितले तर चार हजारांतही ती घेऊ नये. तोवर मायवे (मिसिसॉगाची बससेवा) आणि गो (टोरांटो परिसरातली रेल्वे व बससेवा) यांच्या तिकिटांत मिळणारी सांगड वापरून मधली एक बस गो ट्रेनने टाळता येते का, ते पाहावे. पत्नीला नोकरी अशा ठिकाणी लागली की जिथे बसच जात नाही, तर मला पुन्हा लिहावे, कारण मग घरात दोन चालक आणि दोन पगार होतील आणि विम्यापासून सगळा हिशेब नव्याने मांडावा लागेल.