एएनआरएफ आल्यावर तालुक्याच्या कॉलेजात राहून संशोधन करणं खरंच शक्य झालंय का?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही बुलढाणा जिल्ह्यातले, प्राणीशास्त्रात एमएस्सी झालीय, घरी कोरडवाहू शेती आहे, आणि एएनआरएफ हे संशोधनाला पैसा देणारं केंद्राचं नवीन फाउंडेशन आल्यावर गावाजवळच्या कॉलेजात पीएचडी करून भागेल की पुणे-बंगळुरू गाठावंच लागेल, हे तुम्हाला ठरवायचंय. मी यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी एका अनुदानित कॉलेजात प्राणीशास्त्र शिकवतो आणि गुलाबी बोंडअळीवर काम करतो. म्हणून जे बघितलंय तेवढंच सांगतो.

शक्य आहे. पण पैसा किती मंजूर झाला यापेक्षा तो कोणत्या महिन्यात हातात पडतो, यावर सगळं अवलंबून आहे. धोरणाच्या चर्चेत ही गोष्ट कुणीच बोलत नाही.

आधी बदल काय झाला ते. अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनचा (एएनआरएफ) कायदा 2023 साली झाला, फेब्रुवारी 2024 पासून लागू झाला आणि 2008 च्या कायद्याने आलेलं एसईआरबी, म्हणजे संशोधनाला निधी देणारं आधीचं केंद्रीय मंडळ, त्यात विलीन झालं. पाच वर्षांत 50,000 कोटींचं उद्दिष्ट आहे, पण त्यातले सुमारे 36,000 कोटी सरकारबाहेरून, म्हणजे उद्योग आणि देणगीदारांकडून यायचे आहेत. आपला देश संशोधनावर सकल देशांतर्गत उत्पादनाच्या (जीडीपी) 0.64 टक्के खर्च करतो (2020-21 चा आकडा), त्यामुळे बाहेरचा पैसा हवाच. पण उद्योगाचा पैसा बॅटरी, चिप, औषधं यांच्याकडे आधी वळेल. कोरडवाहू पऱ्हाटीतल्या, म्हणजे कपाशीतल्या अळीसाठी कोण कंपनी पैसे घालणार? तिथे सरकारलाच उभं राहावं लागेल, हे माझं ठाम मत आहे.

मोठ्या संस्थेला लहान विद्यापीठं जोडायची 'पेअर' योजना मला मनापासून आवडली. पहिल्या टप्प्यात मात्र विद्यापीठं आणि काही एनआयटी-ट्रिपलआयटी घेतल्या, आमच्यासारखी संलग्न कॉलेजं त्यात बसली नाहीत.

आता महिन्यांचा हिशोब. आमच्याकडे मृगाचा पाऊस पडला की सरकी टोबतात. जुलैअखेरीपासून आम्ही कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे) लावून पतंग मोजतो. सलग तीन रात्री सापळ्यात आठ-आठ पतंग सापडले की धोक्याची पातळी. ऑगस्टमध्ये डोमकळ्या, म्हणजे अळी लागून नीट न उमललेली फुलं, दिसायला लागतात, नोव्हेंबर-डिसेंबरात बोंडं फोडून बघावी लागतात, कारण ही अळी अंड्यातून निघाली की लगेच बोंडात शिरते आणि वरून काहीच कळत नाही. कुणी फरदड ठेवली, म्हणजे वेचणीनंतरही तीच पऱ्हाटी वावरात राखली, तर मोजणी पार मार्चपर्यंत चालते. आणि सरकारचं वर्ष संपतं 31 मार्चला.

माझ्या एका प्रकल्पाचं सांगतो, निधी कुणाचा ते नाव घेत नाही. मंजुरीचं पत्र जूनमध्ये आलं. पहिला हप्ता नोव्हेंबरात. तोवर त्या हंगामाचे पतंग उडून गेले होते. नोव्हेंबर ते मार्च जमेल तेवढी खरेदी केली. 31 मार्चला न वापरलेल्या रकमेची मुदत संपली, मग उपयोगिता प्रमाणपत्र, लेखापरीक्षित हिशोब, एका सहीसाठी तीन चकरा, आणि पुढचा हप्ता सप्टेंबरात. म्हणजे दुसरा खरीपही अर्धा गेला. तीन वर्षांच्या प्रकल्पात मला पुरता हंगाम एकच मिळाला. आमचे सापळे ज्यांच्या वावरात असतात त्या काकांनी तेव्हा विचारलं, "सर, तुमचा पैसा येईलोक अळी थांबन काय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. 2017 च्या हंगामात याच अळीने या माणसाचं निम्मं वावर खाल्लं होतं. बीजी-2 या बीटी कपाशीतल्या अळी मारणाऱ्या दोन्ही प्रथिनांना ती दाद देत नव्हती. प्रतिकार कुठल्या गावात किती वाढला, हे दर हंगामाला त्याच शिवारात मोजलं तरच कळतं. एक वर्ष सुटलं की ती साखळी तुटते आणि नंतर कितीही कोटी दिले तरी जोडता येत नाही.

प्रयोगशाळेत बसून काम करणाऱ्याला हप्ता चार महिने उशिरा आला तर तो प्रयोग चार महिने पुढे ढकलतो. शेताशी बांधलेल्या माणसाचं एक वर्ष जातं. दोघांना एकच नियम लावणं मला अन्यायाचं वाटतं.

खरेदीचे नियम जून 2025 मध्ये सैल झाले, ही चांगलीच गोष्ट झाली. कोटेशनशिवाय थेट खरेदीची मर्यादा एक लाखावरून दोन लाख, समितीमार्फत खरेदीची दहावरून पंचवीस लाख. पण ही सवलत केंद्राच्या विज्ञान विभागांच्या आणि केंद्रीय मंत्रालयांखालच्या संस्थांसाठी आहे. आमचा हेडक्लार्क राज्याचा नियम पुढे करतो, आणि त्याची चूक नाही, लेखापरीक्षणात उत्तर त्यालाच द्यावं लागतं. सगळ्यात कमी दरवाल्याकडून घ्यायचं म्हणून एकदा पीसीआरचं (डीएनए तपासणीचं) एन्झाइम असं आलं की डबा शनिवारी पोचला, कॉलेज बंद, आणि सोमवारी उघडला तर बर्फाचं पाणी झालेलं. नमुने गोळा करायला दोन महिने गेले होते.

फेलोशिपचा दर आता बरा आहे. 2023 च्या जानेवारीपासून जेआरएफ (कनिष्ठ संशोधन फेलोशिप) महिन्याला 37,000, तिसऱ्या वर्षापासून 42,000. पण तो महिन्याच्या महिन्याला यायला हवा. माझ्याकडचा मुलगा पाच महिने थांबला, मग नागपुरात नोकरीला लागला. बोंड हातात घेऊनच आत अळी आहे का सांगायचा. त्याच्यासारखा निरीक्षक मला परत मिळाला नाही.

माझ्या हातात असतं तर मी एकच बदल आधी केला असता. हंगामी पिकांवरच्या प्रकल्पाचं आर्थिक वर्ष 1 मे ते 30 एप्रिल धरायचं, शिल्लक रक्कम आपोआप पुढे न्यायची आणि खरिपाचा हप्ता मे महिन्यात द्यायचा. यासाठी जास्तीचा एक रुपयाही लागत नाही.

आता तुमचं. पुणे-बंगळुरू गाठायलाच हवं असं नाही. नागपूरला केंद्रीय कापूस संशोधन संस्था 1976 पासून आहे, अकोल्याचं पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ तुमच्यापासून दोन-तीन तासांवर. गाइड तालुक्याच्या कॉलेजातला चालेल, पण त्याची अशा एखाद्या प्रयोगशाळेशी ऊठबस हवी. त्याला 'टेअर' योजनेबद्दल विचारा. तिच्यात कॉलेजातला शिक्षक तीन वर्षं, दर वर्षी काही दिवस मोठ्या संस्थेत काम करतो. म्हणजे यंत्रं तिथली आणि वावर आपलं.

नेट मात्र आधी द्या आणि जेआरएफसाठीच द्या. स्वतःची फेलोशिप असली की गाइडच्या प्रकल्पाचा हप्ता अडकला तरी तुम्ही अडकत नाही. नोंदणीआधी गाइडला स्पष्ट विचारा, मागच्या प्रकल्पाचा पहिला हप्ता कोणत्या महिन्यात आला होता आणि तोवर काम कशावर चालवलं. जो मोकळेपणाने सांगेल त्याच्याकडे जा.

सापळे कसे लावायचे, ल्युअर (सापळ्यातला गंधाचा आमिष) किती दिवसांनी बदलायचे ते बघायचं असेल तर ऑगस्टमध्ये या. गुरुवारी सकाळी सहाला आम्ही मोजणीला निघतो.