कोचीतल्या ‘शाप्प’ थीमच्या रेस्टॉरंटमध्ये आईबाबांना न्यावं का? काय मागवावं?

तुम्ही लिहिलंय की डिसेंबरात आईबाबांना घेऊन कोचीला जाताय, बाबा मूळचे मालवणचे आणि मासे म्हणजे जीव की प्राण, आई शाकाहारी. जुन्या शाप्पसारख्या, म्हणजे केरळातल्या ताडीच्या दुकानासारख्या, सजवलेल्या एका रेस्टॉरंटात जेवायचा विचार आहे, तर न्यावं का आणि काय मागवावं. मी नोकरीनिमित्त सहा वर्षं कोचीजवळच्या तृप्पुणित्तुराला राहिलो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

जरूर न्या. पण दुपारी न्या, आणि आईसाठी दुसऱ्या दिवशीचं एक जेवण वेगळं राखून ठेवा. त्याचं कारण पुढे येईलच.

शाप्प म्हणजे कळ्ळु शाप्प. कळ्ळुला सगळे ताडी म्हणतात, पण केरळात ती बहुतेक नारळाच्या झाडाची असते, म्हणजे आपली माडी. बाबांना हा फरक समजावून सांगावा लागणार नाही. सकाळी उतरवलेली माडी गोड असते आणि दिवस चढेल तशी आंबट, कडक होत जाते. तिच्याबरोबर तोंडी लावायला म्हणून शाप्पातलं जेवण आधीपासूनच झणझणीत, घरच्या जेवणाहून चार मिरच्या जास्त. पूर्वी शाप्पात बायकामुलं जात नसत. बाकं, अंधारे आडोसे, कोपऱ्यात बाटल्या. पण तिथल्या माशांची कीर्ती इतकी, की लोक घरी डबा बांधून नेत. मग कुटुंबांसाठी वेगळ्या खोल्या आल्या, आणि पुढे नुसती ती चव आणि तो देखावा घेऊन थीम रेस्टॉरंटं निघाली. तिथे माडी मिळेलच असं नाही, तिच्या विक्रीचा परवाना वेगळा असतो. बाबांना एक ग्लास चाखवायचा असेल तर आधी फोन करून विचारा.

सजावटीवरून काही ठरवू नका. एकाच भिंतीवर कथकलीचा मुखवटा, हत्तीचं नेट्टिपट्टम (कपाळावरचा सोनेरी साज) आणि सर्पनौकेची प्रतिकृती दिसली, तर जागा पाहुण्यांसाठी सजवली आहे एवढंच समजायचं. शाप्पाचा कथकलीशी काही संबंध नाही. तरी अशाही ठिकाणी मी उत्तम जेवलो आहे.

एकदा मात्र फसलो. पहिल्याच वर्षी दादा-वहिनी आले होते, त्यांना एका फार देखण्या ठिकाणी नेलं. नारळाच्या झापांचं छप्पर, कंदील, वाढपी मुंडू नेसलेले. माशाची कढी आली ती टोमॅटो घातलेली, वर मलई, आणि सोबत बासमती. दोघं काही बोलले नाहीत, पण मला फार वाईट वाटलं. इतक्या लांबून आलेल्या माणसांना मी केरळची चव म्हणून ते खाऊ घातलं होतं. आमच्या घरमालकीणबाईंना, म्हणजे चेचींना, हे कळलं तेव्हा त्यांनी दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरची काळी मातीची चट्टी आमच्याकडे पाठवली. आत लालभडक मीन करी, आदल्या रात्री केलेली. ही करी मुरल्याशिवाय खायची नसते, हे मला त्या दिवशी कळलं.

त्या लाल करीचा जीव कुडंपुळीत असतो. ती कोकमाची सख्खी चुलत बहीण, एकाच कुळातली. पण धुरावर सुकवून काळी केलेली असल्यामुळे तिच्या आंबटपणात धुराचा वास उतरतो. बाबांना नातं लगेच ओळखू येईल आणि चव नवी वाटेल. म्हणून बसल्याबरोबर पहिला प्रश्न हाच विचारा, की करीत कुडंपुळी आहे का आणि ती चट्टीत येते का. दोन्हींना ‘हो’ आलं तर निर्धास्त राहा.

तिच्याबरोबर कप्पा मागवा, पोळी-भाताच्या आधी. कप्पा म्हणजे ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो तोच कंद, उकडून, ठेचून, थोडी हळद-खोबरं घातलेला. त्रावणकोरचे महाराज विशाखम तिरुनाळ (राज्यकाळ १८८० ते १८८५) यांनी त्याच्या लागवडीला उत्तेजन दिलं. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाचा तांदूळ यायचा थांबला तेव्हा तिथल्या कितीतरी घरांत चूल पेटली ती याच कंदावर. चेची तो वाढताना एक घासही वाया जाऊ देत नसत. त्यांच्या आईने ते दिवस काढले होते.

भात घेतलात तर ‘मट्टा’ मागा. जाड, तांबूस रेषांचा, आपल्या उकड्या तांदळाच्या जातकुळीतला.

करीमीन हा केरळचा राज्यमासा, २०१० साली तसा जाहीर झाला. ‘पोळ्ळिच्चदु’ म्हणजे छोट्या कांद्यांचा मसाला लावून, केळीच्या पानात गुंडाळून तव्यावर भाजलेला. पान उघडताना जो वाफेचा वास येतो त्यासाठीच तो मागवावा. काटे फार, घाई करू नका. मेनूत भावाच्या जागी ‘आकाराप्रमाणे’ लिहिलेलं असतं, तेव्हा मासा दाखवायला सांगा आणि किंमत आधी ठरवा. तरी मला विचाराल तर बाबा सर्वांत खूश होतील ते कक्का इरच्चीवर. वेंबनाडच्या खाडीतल्या शिंपल्यांचं मांस, खोबऱ्याच्या कातळ्या आणि मिरी घालून सुकं परतलेलं. तिसऱ्यांवर वाढलेल्या माणसाला याहून आपलं काही वाटणार नाही. नुसतं ‘इरच्ची’ म्हणजे मांस, आणि शाप्पात ते बहुधा बीफ असतं. खात नसाल तर तेवढं विचारून घ्या.

आता आई. शाप्पाच्या मेनूत शाकाहारी म्हणून मोजक्याच गोष्टी असतात, आणि शेजारच्या टेबलावर माशाचं अख्खं डोकं चट्टीतून येतं. दुपारी गर्दी कमी, खिडक्या उघड्या, वासही कमी कोंडतो, म्हणून दुपार सुचवली. त्यांच्यासाठी भाज्यांचा ‘इष्टू’ आणि अप्पम घ्या. नारळाचं दूध, बटाटा, गाजर, आलं, हिरवी मिरची, अगदी सौम्य. अप्पमचं पीठ पूर्वी माडीने आंबवत, गोव्यात सन्नांना सूर, म्हणजे माडीच, घालतात तसंच. आता बरेच जण यीस्ट वापरतात. आईंना माडी घातलेलं चालणार नसेल तर आधी विचारा. कप्पा आणि छोट्या कांद्याची, खोबरेल तेल घातलेली चम्मंदी, म्हणजे चटणीही मागवा. कच्च्या खोबरेलाचा वास काहींना खटकतो, तर आधी चमचाभरच वाढून घ्या.

बसल्या बसल्या कोमट, गुलाबी पाणी येईल. पतिमुखम नावाच्या झाडाच्या लाकडाच्या चिपा घालून उकळलेलं असतं, पिण्याचंच आहे. आईंना आधी सांगून ठेवा. माझ्या वहिनीने ग्लास खराब समजून परत केला होता.

पण आईंचं खरं जेवण म्हणजे सद्या, केरळची शाकाहारी मेजवानी. दुसऱ्या दिवशी एर्नाकुळममधल्या एखाद्या शुद्ध शाकाहारी ठिकाणी केळीच्या पानावरची सद्या खा. पानाचं टोक डावीकडे. आधी वरण-तूप-भात, मग सांबार-भात. अवियल, ओलन, काळन, इंजी करी हे सगळं पानाच्या वरच्या बाजूला. अवियलवर शेवटी कच्चं खोबरेल आणि कढीपत्ता घालतात, आणि घासाघासाला भाजी बदलत जाते. पायसम आलं की जेवण संपलं असं समजू नका, त्यानंतर रसम आणि ताक-भात येतो. आईंना थोडी भूक राखायला सांगा.

वाढप्याला ‘चेट्टा’ म्हणा, म्हणजे दादा. ‘इन्नत्ते मीन एन्ता?’ म्हणजे आजचा मासा कोणता. हे एकच वाक्य पाठ केलंत तरी तो मेनू बाजूला ठेवून त्या दिवशी काय ताजं आलंय ते सांगेल, आणि बाबांचं जेवण तिथूनच सुरू होईल.