सर्व्हर पॅच झाला नाही, कबुली मात्र माझ्याकडून मागताहेत

प्रश्न : मी एका कंपनीत सिस्टिम अ‍ॅडमिन आहे. आमच्या ईएसएक्सआय होस्टवर (एकाच यंत्रावर अनेक व्हर्च्युअल मशिन्स चालवणाऱ्या सर्व्हरवर) रॅन्समवेअर (डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर) आलं आणि सगळ्या व्हर्च्युअल मशिन्स बंद पडल्या. पॅचसाठी (त्रुटी बुजवणाऱ्या अपडेटसाठी) डाउनटाइम, म्हणजे सर्व्हर काही वेळ बंद ठेवायची मुभा, मागणारे ईमेल मी वारंवार केले होते. उत्तर एकच, ‘पुढच्या तिमाहीत बघू’. आता ‘माझ्या निष्काळजीपणामुळे नुकसान झालं’ असं लिहून मागताहेत. सही करू का? पुरावा म्हणून ते ईमेल खासगी खात्यावर घेऊन ठेवू का?

उत्तर : दोन्ही करू नका. दुसरी गोष्ट जास्त घातक आहे. परवानगीशिवाय कंपनीच्या यंत्रणेतून डेटा कॉपी करणं माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 च्या कलम 43 मध्ये येतं, आणि त्यात अप्रामाणिक हेतू होता असा आरोप झाला तर कलम 66 खाली फौजदारी प्रकरण होतं. कंपनीला आयतं कोलीत कशाला देता? त्याऐवजी ईमेलच्या तारखा आणि विषय नमूद करून, ते आणि सर्व्हरचे लॉग (घडामोडींच्या आपोआप होणाऱ्या नोंदी) जपून ठेवावेत, असं लेखी कळवा आणि पोच घ्या.

आता मुख्य मुद्दा. घुसखोरी कुठल्या त्रुटीतून झाली? फेब्रुवारी 2023 मध्ये ईएसएक्सआय सर्व्हरवर ‘ईएसएक्सआयआर्ग्ज’ या रॅन्समवेअरचे हल्ले झाले, तेव्हा ओपनएसएलपीमधल्या (नेटवर्कवरच्या सेवा शोधून देणाऱ्या एसएलपी सेवेच्या सॉफ्टवेअरमधल्या) ज्या त्रुटीकडे बोट दाखवलं गेलं तिचा पॅच फेब्रुवारी 2021 पासून उपलब्ध होता. तुमच्याकडेही जुनीच त्रुटी निघाली, तर ‘अचानक ओढवलेलं संकट’ हा कंपनीचा बचाव टिकणं कठीण. पण उलटतपासणीत तुम्हालाही विचारतील : एसएलपी सेवा होस्ट रीबूट न करता बंद करता येत होती, मग का केली नाही? तेवढ्यासाठीही वरिष्ठांची मंजुरी लागत असेल, तर चेंज रिक्वेस्टची (बदलासाठी केलेल्या रीतसर मागणीची) नोंद हेच तुमचं उत्तर. मंजुरी लागत नसेल, तर ही बाजू खरंच कच्ची आहे. वकिलापासून लपवू नका.

संवेदनशील वैयक्तिक माहितीच्या सुरक्षेत हयगय झाली, तर कलम 43-ए नुसार भरपाईची जबाबदारी कंपनीवर येते, पगारी कर्मचाऱ्यावर नाही. मग तुमचा कबुलीजबाब कशाला हवा? तुम्हाला काढायला आणि ग्राहकांना दाखवायला, असा माझा कयास.

आणखी एक. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून 6 तासांत कळवावी लागते आणि लॉग 180 दिवस ठेवावे लागतात. घटना कळवली का, हे वरिष्ठांना लेखी विचारा. घाईघाईने होस्ट फॉरमॅट करायला सांगितलं, तर तो आदेशही लेखीच मागा.

त्यांच्या मसुद्याऐवजी घटनाक्रमाचं स्वतःचं निवेदन द्या, त्यात ‘चूक’ आणि ‘माफी’ हे शब्द नकोत. कारणे दाखवा नोटीस आली, तर मुदतीत उत्तर द्या आणि त्याच उत्तरात त्या ईमेलच्या प्रती अधिकृतपणे मागा.