वर्षभर वेबसाइट आहे, पण चौकशी येत नाही. नवं डिझाइन करून घ्यावं का?

तुम्ही लिहिलंय की वॉटरप्रूफिंगच्या व्यवसायाची वेबसाइट वर्षभरापासून आहे, दिसायलाही बरी आहे, पण तिच्यावरून फोन जवळपास येतच नाहीत. आणि ज्यांनी ती बनवली, तेच आता नव्या डिझाइनचा खर्च सांगताहेत. व्यवसायांच्या वेबसाइट तपासून दुरुस्त करणं हे माझं रोजचं काम आहे. माझ्या मते डिझाइनला तूर्त हात लावू नका.

सगळ्यात आधी तुमच्याच साइटवरचा चौकशीचा फॉर्म भरून पाठवा आणि तो कुठे पोचतो ते बघा. हसू नका. फॉर्मचे मेल स्पॅममध्ये जाणं किंवा साइट बनवणाऱ्याच्या जुन्या ईमेलवर पडून राहणं हे मी कितीदा तरी पाहिलंय.

फॉर्म नीट चालत असेल तर पुढचा प्रश्न: लोक साइटपर्यंत पोचतच नाहीत, की येऊन परत जातात? तुमची साइट गूगलच्या शोधात कशी दिसते ते दाखवणारं गूगलचं साधन, सर्च कन्सोल, फुकट आहे. त्याला साइट जोडा, माहिती जमायला थोडे दिवस द्या आणि मग लोक काय शोधत होते ती यादी उघडा. तिथे फक्त तुमच्या कंपनीचं नाव दिसत असेल, तर तुम्हाला आधीच ओळखणारे लोक तेवढे येताहेत. अनोळखी माणसाला तुम्ही सापडतच नाही. साइट शोधात वर दिसते पण क्लिक होत नाही, असं असेल तर पानाचं शीर्षक आणि त्याखालच्या दोन ओळी बदलायला हव्यात. क्लिक आहेत आणि तरी फोन नाही, तर दोष बहुतेक वेळा मजकुरात असतो.

मजकुराबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण बहुतेक साइट इथेच मार खातात. 'आपले हार्दिक स्वागत', 'ग्राहकांचे समाधान हेच आमचे ध्येय', 'दर्जेदार सेवा, वाजवी दर' ही वाक्यं तुमच्या प्रतिस्पर्ध्याच्या साइटवर जशीच्या तशी चिकटवली तर तिथेही चालतील. मग ती काढाच. ज्याच्या छतातून पाणी ठिबकतंय त्याला वेगळंच काही विचारायचं असतं. फरशा फोडाव्या लागतील का? काम किती दिवस चालेल? घरात राहून करता येईल का? पाऊस चालू असताना होतं का? हमी लेखी देता का, आणि तिच्यात काय धरलेलं नाही? हे प्रश्न तुम्हाला बसून शोधायचीही गरज नाही, ते तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पडलेले आहेत. जुन्या चौकश्या वर सरकवत जा, प्रश्न लोकांच्याच शब्दांत उतरवून घ्या आणि तुम्ही फोनवर देता तसंच साधं उत्तर खाली लिहा.

शब्दही त्यांचेच ठेवा. तुम्ही 'सिमेंटिशस कोटिंग' म्हणता, ते 'स्लॅबमधून पाणी गळतंय' असं शोधतात. दोन्ही लिहा, पण गळती आधी. गच्ची, बाथरूम, पाण्याची टाकी, तळघर यांना प्रत्येकी वेगळं पान द्या. शोधणारा माणूस तुमच्या होम पेजवरूनच आत शिरेल असं काही नाही. गूगल त्याला थेट एखाद्या पानावर आणून सोडतं आणि त्या एका पानावर त्याचं समाधान व्हावं लागतं. (कोणी 'कीवर्ड मेटा टॅग', म्हणजे पानाच्या कोडमध्ये लपलेली शोधशब्दांची यादी, 'भरून देतो' म्हणून पैसे मागितले तर देऊ नका. क्रमवारी लावताना तो टॅग वापरत नाही, हे गूगलने २००९ मध्येच जाहीर केलंय.)

दराबद्दल तुम्ही नाही म्हणाल, मला माहीत आहे. प्रत्येक काम वेगळं असतं, हेही खरं. पण मग दर कशावर ठरतो ते तरी लिहा: क्षेत्रफळ, जुना थर काढावा लागणार की नाही, गळती नेमकी कुठून आहे. जमलं तर 'साधारण इतक्यापासून सुरुवात' हेही टाका. दराचा अजिबात उल्लेख नसला की लोक 'महाग असणार' असं गृहीत धरून पुढच्या साइटवर जातात. आणि प्रतिस्पर्ध्याला तुमचे दर कळतील ही भीती सोडा, त्याला ते केव्हाच कळलेले असतात.

हेल्मेट घालून हसणाऱ्या परक्या माणसांचे विकतचे फोटो काढून टाका. स्वतःच्या कामाचे आधीचे आणि नंतरचे फोटो, थोडे वेडेवाकडे आले तरी, जास्त विश्वास देतात. अभिप्रायांचंही तसंच. 'खूप छान काम' याने काही सांगितलं जात नाही. अडचण काय होती, तुम्ही काय केलं, पुढच्या पावसाळ्यात काय झालं, असं लिहिणारा एक ग्राहक पुरे. त्याची परवानगी मात्र घ्या.

तांत्रिक बाजू थोडक्यात. मोबाइलवरून काढलेले फोटो तसेच चढवू नका, आकार कमी करा. पेजस्पीड इनसाइट्स या गूगलच्या वेग तपासणाऱ्या साधनात साइटचा पत्ता टाकून बघा. पानाचा मुख्य भाग २.५ सेकंदांच्या आत दिसावा असा गूगलचा निकष आहे. आपोआप सरकणारा स्लायडर काढा, तो सहसा कोणी शेवटपर्यंत बघत नाही. पत्ता 'एचटीटीपीएस'ने सुरू होत नसेल तर क्रोम २०१८ पासून अशा साइटला 'असुरक्षित' म्हणतो, ते आजच दुरुस्त करून घ्या. फोन नंबर प्रत्येक पानावर असावा आणि बोट लावलं की थेट फोन लागावा. नंबर चित्रात लिहिलेला असेल तर लागणार नाही. फॉर्ममध्ये नाव, फोन आणि अडचण एवढंच विचारा. तुमचं काम ठरावीक भागापुरतं असेल तर गूगल बिझनेस प्रोफाइलही भरा, म्हणजे नकाशातही दिसाल.

राहता राहिलं 'गूगलवर पहिल्या नंबरला आणून देऊ' हे आश्वासन. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीच देऊ शकत नाही, असं गूगल स्वतःच सांगतं. अशी हमी देणाऱ्याशी वाद घालण्याआधी मात्र डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, तुमच्या नावावर आहे का आणि त्याचा पासवर्ड तुमच्याकडे आहे का, हे तपासून घ्या.